गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नव्या पद्धतीच्या रेडिएशनचा त्रास होत नाही, हे खरे आहे का?

तुमच्या आईचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे, शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन आणि केमो सुचवले आहेत, आणि आयएमआरटीमुळे, म्हणजे आजूबाजूचे अवयव वाचवत किरण देण्याच्या नव्या पद्धतीमुळे, आता त्रास उरलेला नाही असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. त्रास कमी होतो हे खरे आहे. उरलेला नाही हे खोटे आहे, आणि असेच निर्धास्त राहिल्यापायी माझी आई मरता मरता वाचली.

२०१७ मध्ये आम्ही शहरात खोली घेऊन आईला पाच आठवडे रोज लाइट, म्हणजे बाहेरून रेडिएशन, दिली, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध दिले आणि शेवटी आतले रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, पूर्ण केले. जुलाब आणि लघवीची जळजळ त्याच काळात झाली, महिन्याभरात थांबली, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. चौदा महिन्यांनी तिला शौचातून रक्त जाऊ लागले. दोन महिने तिने ते कोणालाही सांगितले नाही. कळले तेव्हा आजार उलटला असे दादाने ठरवूनच टाकले. आता तिला पुन्हा दवाखान्याचे हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, असे तो म्हणाला, आणि आमच्या घरात त्याचा शब्द कोणी मोडत नसे. मी सहा आठवडे त्याच्याशी भांडले. अखेर आई मोरीत चक्कर येऊन पडली, हिमोग्लोबिन सहावर आलेले निघाले, तेव्हा कुठे तिला नेले. दुर्बिणीतून पाहिल्यावर कर्करोगाचा मागमूसही नव्हता. गर्भाशयाच्या लगत असलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला किरणांची इजा झाली होती आणि तिथे नव्याने फुटलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत होते. आर्गॉनच्या उपकरणाने त्या तीन वेळा डागल्यावर रक्त थांबले. आज ती देवळापर्यंत एकटी चालत जाते.

रेडिएशननेच आईचे हाल केले, असे दादा अजूनही म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही. रेडिएशनने तिला वाचवले. हाल झाले ते हा त्रास सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुरू होतो एवढे एक वाक्य आम्हाला कोणी सांगितले नाही म्हणून, आणि न विचारता निर्णय घेतला गेला म्हणून.

नव्या पद्धतीचा फायदा किती, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० स्त्रियांवर केलेल्या पार्सर या चाचणीत दिसले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा उशिराचा त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, तर प्रतिमांच्या आधारे दिलेल्या आयएमआरटीत २१.१ टक्के स्त्रियांना झाला, आणि आजारावरील नियंत्रण दोन्हीकडे सारखेच राहिले. म्हणून सोय असेल तर आयएमआरटी जरूर घ्या, पण पाचातल्या एकीला त्रास झालाच, हेही विसरू नका.

डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: ब्रॅकीथेरपीची आखणी एमआरआयवर होणार आहे का? गुदाशयाला आणि मूत्राशयाला किती मात्रा पोहोचते, हे त्या आखणीवर फार अवलंबून असते. पुढे कधी रक्त गेलेच, तर गुदाशयाच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढू देण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, कारण तिथली जखम सहजी भरत नाही आणि गुदाशय व योनी यांच्यात आरपार वाट पडू शकते. योनिमार्ग आकसू नये यासाठी डायलेटर वापरायला सांगतात, ते लाजून टाळू देऊ नका. त्याशिवाय पुढची तपासणीही अवघड होते. तिसऱ्या टप्प्यासाठी केमो-रेडिएशनसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध देण्यास अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण ते औषध फार महाग आहे.

हेही सांगायला हवे की पार्सरमधील स्त्रियांची आधी शस्त्रक्रिया झालेली होती. माझ्या आईची झाली नव्हती, तुमच्या आईचीही होणार नाही, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

आईला मात्र आजच सांगून ठेवा की रक्त दिसले तर त्याच दिवशी बोलायचे. माझ्या आईने दोन महिने लपवले, कारण दादाला जे वाटले तेच तिलाही वाटत होते.