वेल्सचं एकच वर्ष वाचायचं तर 1966

तुम्ही विचारलंय की वेल्स इंग्लंडपासून वेगळा आहे म्हणजे नेमकं काय, आणि ते कळायला त्यांच्या इतिहासातलं एखादंच वर्ष वाचायचं झालं तर कोणतं वाचावं.

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, राहायला आल्यापासून हाच प्रश्न मी इथल्या बऱ्याच जणांना विचारलाय. कुणी 1282 सांगतं, कारण तेव्हा त्यांचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र मारला गेला. कुणी 1997 सांगतं, तेव्हा स्वतःच्या विधिमंडळासाठी कौल मिळाला. दोन्ही बरोबर आहेत. पण बाहेरून येणाऱ्याने 1966 वाचावं असं माझं मत आहे. वेल्सबद्दलचे निर्णय कोण घेतं आणि चुकल्यावर जाब कुणाला विचारायचा, हा इथला जुना प्रश्न आहे. त्या एका वर्षात तो तीनदा पुढे आला.

थोडं मागे जावं लागेल. उत्तर वेल्समधल्या ट्रिवेरिन खोऱ्यात काप्येल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून ते धरणात बुडवलं. तो कायदा 1957 साली ब्रिटिश संसदेत मंजूर झाला, तेव्हा वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. तरी झाला. धरणाचं उद्घाटन 21 ऑक्टोबर 1965 ला झालं. ही तारीख लक्षात ठेवा.

मार्च 1966 च्या सार्वत्रिक निवडणुकीत लेबर पक्षाने वेल्समधल्या 36 पैकी 32 जागा घेतल्या. राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कम्री, स्थापना 1925 ची, खातं रिकामंच. कार्मार्थन मतदारसंघात त्यांचे अध्यक्ष ग्विन्व्होर इव्हान्स 7,416 मतं घेऊन तिसरे आले. हा माणूस टोमॅटोची शेती करणारा, कट्टर शांततावादी, सभेत आवाजही न चढवणारा. मग मे महिन्यात तिथल्या खासदार मेगन लॉइड जॉर्ज वारल्या (माजी पंतप्रधानांची कन्या) आणि पोटनिवडणूक लागली. 14 जुलैला मतदान झालं, निकाल असा: इव्हान्स 16,179, लेबर 13,743. चार महिन्यांत मतं दुपटीहून जास्त. पक्षाचा हा पहिलाच खासदार. संसदेत त्यांनी वेल्शमध्ये शपथ घेऊ द्या म्हटलं, ते नाकारलं गेलं. पुढच्याच वर्षी वेल्श भाषेचा कायदा आला. तुटपुंजा होता, पण आला.

8 सप्टेंबरला राणीच्या हस्ते सेव्हर्न नदीवरच्या पुलाचं उद्घाटन झालं. दक्षिण वेल्सच्या उद्योगांना थेट रस्ता मिळाला, त्याआधी मोटारी फेरीबोटीने पलीकडे जायच्या नाहीतर मोठा वळसा घालायच्या. यात एक गंमत आहे. ज्याला 'वेल्सला जोडणारा पूल' म्हणतात त्याची दोन्ही टोकं इंग्लंडमध्येच पडतात. वेल्सची हद्द लागते ती त्याला लागून असलेल्या वाय नदीवरच्या पुलावर. टोलनाकाही इंग्लंडच्या बाजूला. यावरचे विनोद इथे अजून चालतात, टोल मात्र 2018 च्या शेवटी बंद झाला.

आता 21 ऑक्टोबर 1966. धरणाच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.

अ‍ॅबरव्हॅन हे मर्थर टिडव्हिलजवळचं खाणकामगारांचं गाव. वरच्या डोंगरावर मर्थर व्हेल खाणीतल्या कचऱ्याचे सात ढिगारे होते. सातवा 1958 पासून रचत आणलेला, झऱ्यांच्या वर. ते झरे सरकारी नकाशात छापलेले होते. बरेच दिवस पाऊस लागला होता. शुक्रवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास हा ढिगारा पातळ चिखल होऊन खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर गेला. 144 माणसं गेली. त्यातली 116 मुलं. दुसऱ्या दिवसापासून सहामाहीची सुटी लागणार होती.

ही दुर्घटना म्हणून जगभर माहीत आहे. मला तिच्या आधीचं आणि नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. 1963 मध्येच मर्थर नगरपालिकेच्या अभियंत्याने खाणी चालवणाऱ्या कोळसा मंडळाला शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल पत्र लिहिलं होतं. आणि स्थानिक खासदार एस. ओ. डेव्हिस यांनी चौकशीत सांगितलं की ढिगारा घसरेल अशी भीती त्यांनाही होती, पण तक्रार केली तर खाणच बंद करतील अशी शंका असल्याने ते बोलले नाहीत. या साक्षीपाशी मी दर वेळी थांबतो. खाण बंद म्हणजे गावाची चूल बंद. त्या खोऱ्यातल्या प्रत्येकाचे हात असेच बांधलेले होते.

यातला कडवटपणा कळायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. खाणी तेव्हा खासगी मालकांच्या नव्हत्या. 1 जानेवारी 1947 ला त्या राष्ट्राच्या झाल्या, तेव्हा खाणीखाणीवर पाट्या लागल्या होत्या की ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते. कामगारांनी पिढ्यान् पिढ्या मागितलेली गोष्ट होती ती. एकोणीस वर्षांनी त्याच 'जनतेच्या' मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स हे दुर्घटनेच्या दिवशी अ‍ॅबरव्हॅनला न येता एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभाला गेले. वर टीव्हीवर म्हणाले की ढिगाऱ्याखालचे झरे कुणाला माहीत नव्हते. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशीने 76 दिवस साक्षी ऐकल्या आणि दोष स्पष्टपणे कोळसा मंडळावर ठेवला. ना कुणावर खटला, ना कुणाची नोकरी गेली. रोबेन्सनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. जगभरातून लोकांनी पाठवलेला मदतनिधी साडेसतरा लाख पौंडांपर्यंत गेला. गावावर उरलेले ढिगारे हटवा म्हणून गावकऱ्यांना सरकारशी भांडावं लागलं, आणि शेवटी हटवले तेव्हा त्या खर्चातले दीड लाख पौंड याच निधीतून घेतले. म्हणजे मुलं गेलेल्यांच्या नावाने आलेल्या पैशातून सरकारी मंडळाचा कचरा उचलला. हे लेबर सरकारने केलं, आणि खाणींच्या खोऱ्यांत तर घराघरात लेबरच होती. नंतर 1967 आणि 1968 च्या पोटनिवडणुकांत याच खोऱ्यांमधल्या भक्कम जागांवर प्लाइड कम्री अगदी जवळ येऊन हरली. सगळं श्रेय अ‍ॅबरव्हॅनला देणं चुकीचं ठरेल, खाणीही धडाधड बंद होत होत्या. पण लंडनमधलं आपलं सरकार आपलं ऐकतंच, हा भरवसा राहिला नव्हता.

ते दीड लाख 1997 मध्ये परत मिळाले, तीस वर्षांच्या व्याजाचा एक पेनीही न धरता. त्याच वर्षी स्वतःच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं आणि जेमतेम 6,721 मतांनी मंजूर झालं. निधीची खरी भरपाई झाली ती 2007 मध्ये, तेव्हा वेल्सच्या स्वतःच्या सरकारने वीस लाख पौंड दिले. म्हणून 1997 म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त ते वर्ष 1966 नंतर वाचावं.

भाषेत जास्त रस असेल तर मात्र 1962 धरा. वेल्श लेखक सॉन्डर्स ल्यूइस यांचं वेल्श भाषेच्या भवितव्यावरचं रेडिओ भाषण फेब्रुवारीतलं, आणि त्यातून निघालेली भाषा चळवळ त्याच वर्षीची. शपथेची मागणी हवेतून आली नव्हती, हे तिथे कळेल.