आइंडहोवनला प्लेसमेंटची गॅरंटी मिळते का?

नमस्कार,
पत्र मिळालं. मुलगा सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम) थर्ड इयरला आहे, त्याला मास्टर्सला नेदरलँड्सचं टीयू आइंडहोवन, म्हणजे तिथली टेक्निकल युनिव्हर्सिटी हवीय, आणि तुमचं म्हणणं एवढं मोठं लोन काढायचं तर प्लेसमेंटची गॅरंटी आहे का, त्यात पाहुण्यांमध्ये कुणी या गावाचं नावही ऐकलेलं नाही.

गॅरंटी नाही, आधीच सांगतो. कंपनी आली, टेस्ट घेतली, ऑफर लेटर देऊन गेली असं आपल्यासारखं तिकडे नसतं.

नावाचं टेन्शन मात्र घेऊ नका. फिलिप्स १८९१ ला याच गावात सुरू झाली, युनिव्हर्सिटी १९५६ ची, आणि चिप बनवायच्या मशिनी करणारी एएसएमएल शेजारच्या वेल्डहोवनला, तीही फिलिप्सच्याच भागीदारीतून १९८४ ला निघालेली. चिप बनवणाऱ्या एनएक्सपीचं मूळही फिलिप्सच. म्हणजे इंडस्ट्री लिंक ही नुसती ब्रोशरमधली ओळ नाही, तिथे काही प्रोफेसर असे आहेत की आठवड्यातला एखादा दिवस युनिव्हर्सिटीत आणि बाकी दिवस कंपनीत. दुसऱ्या वर्षीचा थीसिस बरीच पोरं कंपनीत बसून करतात, एक गाइड कॉलेजचा एक कंपनीचा, आणि नोकरीची ओळख होते ती इथेच. पण असा प्रोजेक्ट आपणच शोधायचा, मेल टाकायचे, इंटरव्ह्यू द्यायचे. पोरगं लाजरंबुजरं असेल तर अवघड जातं हो.

पैशाचं बोलायचं तर पार्टटाइम करून हप्ते फेडेन असं तो म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा. आपल्या मुलांना आठवड्याला १६ तासच काम करता येतं, त्यालाही मालकाने परमिट काढावं लागतं, त्यामुळे बरेच जण नकोच म्हणतात. खोली मिळणं तर महाकठीण, ॲडमिशन झाली की त्याच दिवसापासून शोधायला लागा. डिग्रीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, त्यात कुठलंही काम चालतं. आणि रिसर्चची गोडी लागलीच तर तिकडे पीएचडी म्हणजे साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते, फी वगैरे भरायची नाही.

एजंटने त्याच गावातल्या दुसऱ्या कॉलेजचं नाव पुढे केलं तर नीट बघा, तिथे अप्लाइड सायन्सेसवाली वेगळी कॉलेजं पण आहेत, वाईट नाहीत पण हे ते नव्हे.

आता मुलाला एकच विचारा, अँटेना, फोटॉनिक्स (प्रकाशावर चालणारं तंत्र) की कंट्रोल, यातलं नेमकं काय करायचंय आणि तिथल्या कुठल्या रिसर्च ग्रुपचे पेपर वाचलेत. उत्तर आलं तर बँकेत जा, नाही आलं तर फायनल इयरचा प्रोजेक्ट होईपर्यंत थांबा.