मायक्रो-सीटीत न दिसणारी वालुकाश्मातली छिद्रं एक्स-रेला भिंग लावून दिसतील का?

तुमच्या वालुकाश्माच्या मायक्रो-सीटीत (म्हणजे अनेक कोनांतून एक्स-रे घेऊन आतली त्रिमितीय रचना दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) कणांमधली बारीक छिद्रं सुटी दिसत नाहीत, नुसता राखाडी पट्टा दिसतो, म्हणून भिंगवाल्या यंत्राकडे जावं का, असं तुम्ही विचारलंय. छिद्रं दिसतील. पण खडकाचा केवढासा तुकडा दिसेल, हे आधी बघा.

साध्या मायक्रो-सीटीत भिंग नसतंच. एका ठिपक्यातून किरण पसरतात आणि नमुन्याची सावली मोठी होऊन डिटेक्टरवर पडते. तो ठिपकाच पुरेसा लहान नसल्यामुळे बहुतेक यंत्रं एका मायक्रॉनच्या आसपास अडतात. पुढे जायचं तर नमुन्यामागे भिंग हवं, आणि एक्स-रे तर पदार्थात शिरताना जेमतेम वळतात. शिवाय अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी, त्यामुळे किरण एकत्र आणायला अंतर्गोल भिंग लागतं. 1996 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणाऱ्या कण-त्वरकावर) स्निगिरेव आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियममध्ये ओळीने भोकं पाडून हे साधलं: दोन भोकांमध्ये उरलेला धातू म्हणजेच भिंग! ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. आता बेरिलियम वापरतात. 50 मायक्रॉन वक्रता त्रिज्येच्या एका भिंगाचं नाभीय अंतर 12 किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या एक्स-रेला 10 मीटरच्या वर जातं. तशी 50 एकामागे एक लावली की ते 20 सेंटीमीटरच्या आसपास येतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रांत सहसा फ्रेनेल झोन प्लेट असते, म्हणजे सोन्याची एककेंद्री कडी. सगळ्यात बाहेरचं कडं जितकं अरुंद, तितकं बारीक दिसतं. 50 नॅनोमीटरपर्यंत सहज.

आता हिशोब करा. पिक्सेल 25 नॅनोमीटरचा आणि डिटेक्टर 2000 पिक्सेल रुंद, तर दृश्यक्षेत्र 50 मायक्रॉन. वाळूचा कण म्हणवून घ्यायलाच साधारण 63 मायक्रॉन लागतात. म्हणजे एक अख्खा कणही मावत नाही. म्हणून मी आधी मायक्रो-सीटी करतो, त्यात राखाडी पट्टा नेमका कुठे आहे ते खुणावतो आणि तिथलाच तुकडा कोरून काढतो.

तो तुकडा सुईच्या टोकावर चिकटवताना जपा. माझ्या एका नमुन्यात पातळ गोंद छिद्रांनी वर ओढून घेतला आणि खालच्या भागात रिकामं कुठलं, गोंदाचं कुठलं, ते ओळखेना. तो नमुना टाकून द्यावा लागला. तेव्हापासून मी घट्ट इपॉक्सी थोडं आळू देतो, मगच तुकडा टेकवतो. स्कॅन कित्येक तास चालतो, तेवढ्यात नमुना नॅनोमीटरांनी सरकतोच. सोन्याचा एखादा सूक्ष्म कण वर बसवला की सगळ्या प्रतिमा त्याच्यावर जुळवता येतात.

खरी काळजी मात्र पुढे आहे. छिद्र कुठे संपतं आणि खडक कुठे सुरू होतो, ती राखाडी छटेची मर्यादा तुम्ही ठरवता. गोल नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. 3 पिक्सेल त्रिज्येचा गळा (दोन छिद्रांना जोडणारी अरुंद वाट) 4 पिक्सेलचा धरलात की प्रवाह तिपटीहून जास्त! भिंग कितीही चांगलं असलं तरी ही चूक ते पकडत नाही. म्हणून मर्यादा थोडी वर, थोडी खाली सरकवून पारगम्यतेचे (खडकातून द्रव किती सहज वाहतो त्याचे) दोन्ही आकडे काढा, आणि त्याच खडकाच्या दुसऱ्या तुकड्यावर पारा दाबून मोजलेल्या गळ्यांच्या मापांशी ताडून पाहा.