नवीन आगार व्यवस्थापक आले, आता गावाला संध्याकाळची एसटी मिळेल का?

भाऊ, साहेब बदलले म्हणून गाडी लगेच सुरू होईल, असं धरून चालू नका. आगार व्यवस्थापकांच्या हातात रोजची कामगिरी असते: कोणती गाडी कुठल्या मार्गावर, कोणत्या चालक-वाहकाची ड्युटी कुठे. नवीन फेरीला मात्र विभाग नियंत्रकांची मंजुरी लागते. तुम्ही यावल-रावेरकडचे असाल तर विभाग जळगाव. शहादा-नवापूरकडचे असाल तर, जिल्हा नंदुरबार असला तरी, विभाग धुळे. इथेच बरेच अर्ज भलत्या टेबलावर जातात.

नवे चालक-वाहक रुजू झाले असतील तर ते चांगलंच. एका फेरीसाठी गाडी आणि दोन माणसं लागतात, आणि मुक्कामी गाडी असेल तर त्या दोघांची झोपायची सोयही. आमच्या गावात ती ग्रामपंचायतीच्या खोलीत केली होती, दोन खाटा न् एक माठ. व्यवस्थापकांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

सत्काराचा नारळ-शाल घेऊन जाऊ नका, पहिल्या आठवड्यात तसेही ढीग लागतात. ग्रामसभेचा ठराव न्या, आणि मुख्याध्यापकांकडून पासधारक मुलामुलींची यादी, शाळा सुटायच्या वेळेसह. मुली जास्त असतील तर मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींची शाळेत ने-आण करणाऱ्या निळ्या बसचं आवर्जून विचारा. तुमचा तालुका त्या योजनेत असेल तर काम सोपं होतं. अर्जाची एक प्रत विभागीय कार्यालयात द्या, दुसरीवर आगाराचा आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका.