डॉक्टरकीत स्पेशालिटी निवडताना पगार कसा मोजायचा

वार्षिक आकड्यावर जाऊ नकोस. त्याला कामाच्या तासांनी भाग, आणि त्यात ऑन-कॉलच्या, म्हणजे बोलावणं आलं की जावं लागतं अशा, रात्रीही धर. फोन वाजला नाही तरी ती रात्र तुझी नसतेच. सर्जनची कमाई त्वचारोगतज्ज्ञाच्या दीडपट असेल, पण तो आठवड्याला 75 तास आणि दुसरा 45 तास काम करत असेल, तर तासाच्या हिशेबात सर्जनच मागे पडतो. पुढच्या सुपरस्पेशालिटीच्या, म्हणजे स्पेशालिटीनंतरच्या शिक्षणाच्या, वर्षांत बुडालेली कमाई वेगळीच.

नोकरीच्या खात्रीसाठी एकच प्रश्न विचार: पेशंट कोणाच्या नावाने येतो? भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजीत तो तुझ्या नावाने येत नाही. रुग्णालयाने करार मोडला की काम गेलं. मात्र गाव बदललं तरी पहिल्या दिवसापासून कमाई सुरू. मेडिसिन किंवा बालरोगात जम बसायला वर्षं लागतात, पण बसला की पेशंट तुझे, आणि म्हणूनच गाव बदलणं महागात पडतं. नेत्ररोगात वेळापत्रक छान, पण स्वतःचं ऑपरेशन थिएटर म्हणजे मायक्रोस्कोप, मोतीबिंदूचं फेको मशीन आणि हप्ते. मानसोपचाराला एक शांत खोली पुरते.

इमर्जन्सीत शिफ्ट संपली की सुटका, हे खरं. पण वय वाढतं तशी रात्रपाळी जड जाते, हे कोणी आधी सांगत नाही.

स्त्रीरोगात सगळं रोस्टरवर अवलंबून. चौघे असाल तर दर चौथी रात्र, एकटा असशील तर रोजची. म्हणून दहा वर्षं काम केलेल्याला पगार नको विचारूस. गेल्या महिन्यात किती रात्री उठावं लागलं, ते विचार.