आमच्या ऑफिसात एक देसिस्लावा आहे. हे बल्गेरियन नाव कुठून आलं? आजही मुलींचं ठेवतात का?

नाव मध्ययुगातलं, पण त्याची चलती विसाव्या शतकातली. तुमच्या ऑफिसातली देसिस्लावा चाळिशीच्या आसपासची असेल, तर त्यात नवल नाही.

नावात दोन शब्द आहेत. ‘देसिति’ या जुन्या स्लाव्हिक क्रियापदाचा अर्थ सापडणं, गाठणं. ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती. संस्कृतातला कीर्तीवाचक ‘श्रवस्’ याच मुळाचा. बल्गेरियनमध्ये दहाला ‘देसेत’ म्हणतात, म्हणून ‘दहापट कीर्ती’ असा अर्थ लावायचा मोह होतो. तो चुकीचा आहे.

नावाचा पत्ता बल्गेरियाची राजधानी सोफियाच्या कडेला, व्हितोशा डोंगराच्या पायथ्याशी सापडतो. तिथल्या बोयाना चर्चमध्ये १२५९ सालची भित्तिचित्रं आहेत. त्यात चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरलेला सरदार कालोयान आणि शेजारी त्याची बायको देसिस्लावा. ठरावीक साच्यातला चेहरा नाही, समोर उभं राहून काढल्यासारखा वाटतो. बल्गेरियात हे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी माहीत आहे, आणि इतिहासातली नावं पुन्हा आवडू लागली तेव्हा हेही वर आलं. त्याआधी मारिया, इवांका, योर्दांका अशा संतांच्या आणि सणांच्या नावांचा जोर होता.

दुसरं कारण जास्त घरगुती. मुलीला आजीचं नाव द्यायची रीत आहे. आजीचं ‘दोंका’ किंवा ‘दिमित्रा’ आईबापांना जुनाट वाटलं, की फक्त पहिलं अक्षर राखतात. ‘द’ राखून ‘देसिस्लावा’ ठेवलं, की आजीचा मानही राहतो. आता हाच नियम या नावावर उलटतोय: देसिस्लावा आजीची नात ‘दारिया’ होते.

बल्गेरियाची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था नावांचे आकडे जाहीर करते. ते बघताना दोन याद्यांची गल्लत करू नका. एकूण बायकांच्या यादीत मारिया पहिली, इवांकाही बरीच वर, कारण त्यात आज्या मोजल्या जातात. नवजात मुलींच्या यादीत मात्र गेली बरीच वर्षं व्हिक्टोरिया आघाडीवर आहे. आज काय ठेवतात हे हवं असेल तर दुसरी यादी बघा. देसिस्लावा कालबाह्य नाही, पण फॅशन ओसरली आहे.

उच्चार ‘दे-सि-स्ला-वा’, जोर ‘स्ला’वर. हाक मारताना ‘देसी’ म्हणा. व्याकरणाने संबोधन ‘देसिस्लावो’ होतं, पण बायकांच्या नावाला असा ‘ओ’ लावणं आज रांगडं वाटतं.

कागदपत्रांत तिच्या नावात रोमन लिपीत ‘दे’नंतर कधी एक ‘एस’, कधी दोन दिसतील. जुने पासपोर्ट फ्रेंच वळणाने लिहिले जात. फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ ‘झ’ वाचतात, म्हणून तो दुहेरी. २००९ च्या लिप्यंतर कायद्याप्रमाणे एकच. तिकीट काढायचं असेल तर तिच्या सध्याच्या पासपोर्टवरचंच स्पेलिंग उतरवून घ्या.