एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल, गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) किती दिवसांनी साफ करावी?

तुम्ही लिहिलंय की ट्रेनिंगमध्ये उस्ताद रोज साफ करायला लावतात आणि सीनियर म्हणतात, आठवड्यातून एकदा पुरे. फायरिंग झालं की त्याच दिवशी, बॅरल कोमट असतानाच साफ करा. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा कोरडी चिंधी ओढून बघा, आज पांढरी निघालेली चिंधी उद्या काळी निघते. फायर झालीच नसेल तर उन्हाळ्यात आठवड्याला चालेल. पावसाळ्यात बंदोबस्ताला खांद्यावर असेल तर रोज, जमा करण्याआधी.

मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी केली. न पुसल्यामुळे बिघडलेल्या रायफली माझ्याकडे फार कमी आल्या. चुकीचं पुसून वाट लावलेल्या कितीतरी.

एका वार्षिक गोळीबार सरावाला एका पोराची रायफल दर गोळीला अडकायला लागली. रिकामी पुंगळी बाहेर न पडता ब्रीच ब्लॉकपुढेच (चेंबर मागून बंद करणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) अडकून राहायची. आदल्या आठवड्यात इन्स्पेक्शनला याच रायफलला साहेबांनी शाबासकी दिली होती, कारण ती आतून-बाहेरून तेलाने चमकत होती. आता तेच साहेब सगळ्यांसमोर पोराला झापत होते की तेल कमी पडलं. मी गॅस प्लग (गॅसच्या नळीचं पुढचं बूच) काढून पिस्टन, म्हणजे गोळीच्या गॅसने ढकलला जाऊन ब्रीच ब्लॉक मागे नेणारा दांडा, हातात घेतला तर त्यावर काजळाच्या लेपासारखा काळा चिकटा. गॅस सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळीत, तेल राहिलं की तापलेल्या गॅसने ते जळतं, त्यात कार्बन मिसळतो आणि पिस्टन जड जातो. मग ब्रीच ब्लॉक पुरता मागे येत नाही. मी पिस्टन आणि सिलिंडर कोरडं पुसून पुन्हा चढवलं, रायफल सुरळीत चालली. साहेब म्हणाले, रेग्युलेटर (पिस्टनला किती गॅस मिळावा ते ठरवणारी कळ) चुकीचा लावलेला असणार. रेग्युलेटरला मी हातही लावला नव्हता! पोराला मात्र शिक्षा झालीच, आणि ते मला आजही पटलेलं नाही.

तेव्हा लक्षात ठेवा, गॅसचे भाग कोरडे. तेलाचा हात ब्रीच ब्लॉकला, तो सरकतो त्या खाचांना, आणि बॅरलला अगदी पातळ. फायरच्या आधी बॅरल पुन्हा कोरडी करायची. पिस्टनला पॉलिश पेपर कधीही मारू नका. तो घासून बारीक झाला की बाजूने गॅस निसटतो, मग लोक रेग्युलेटर आवळतात, आणि जास्त गॅसने सगळे भाग आपटून खराब होतात.

दुसरं, पुलथ्रू, म्हणजे बॅरलमधून चिंधी ओढायची वजन बांधलेली दोरी. रायफल मोडून उघडा, वजन चेंबरकडून सोडा आणि दोरी सरळ रेषेत ओढा. घाईत तिरकी ओढली की दोरी मझलच्या (बॅरलच्या पुढच्या तोंडाच्या) कडेला घासते. वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पडलेल्या बॅरल मी पाहिल्या आहेत. नखाने चाचपलं तरी कळते. अशी रायफल कितीही झिरो करा, म्हणजे साइट जुळवा, ग्रुप (गोळ्या लागलेली जागा) पसरणारच. चिंधी 4 बाय 2 इंचाची, त्याहून जाड केली तर मध्येच अडकेल.

कुणी जुना माणूस बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायला सांगेल. तो धडा जुन्या .303 रायफलच्या काळातला आहे. त्या गोळीच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप असते, तिच्यामुळे बॅरलमध्ये क्षार राहायचा, तो तेलाने निघत नाही, पाण्यातच विरघळतो. एसएलआरला रोज असलं काही करायची गरज नाही.

हे सगळं एसएलआरचं. .22 च्या नेमबाजीच्या रायफलला हे नियम लावू नका, तिथे कोच सांगेल तसं. आणि इन्सास ही दुसरी रायफल हातात आली तर तिचं वेगळं शिकून घ्या.

तुमच्या उस्तादांनी इन्स्पेक्शनसाठी पिस्टनला तेल लावायला सांगितलं, तर इन्स्पेक्शनपुरतं लावा, वाद घालू नका, तुमची नोकरी नवी आहे. पण रेंजवर जायच्या आधी गॅस प्लग काढून ते पुसून टाका.